इटलीतल्या कियान्तीत ग्रुपबरोबर सायकल टूर करायची आहे, पण मी सगळ्यांत हळू चालवते. चढाच्या दिवशी सामानाच्या गाडीतून जावं का?

नका जाऊ, ताई.

तुम्ही लिहिलंय की वय ५१, पुण्यातल्या आठ जणांचा ग्रुप, सप्टेंबरात पाच दिवस, रविवारी ३०-३५ किलोमीटरची सवय, वाइन पीत नाही. आणि ग्रुपमधल्यांनी सुचवलंय की चढाच्या दिवशी तुम्ही गाडीतून या, म्हणजे सगळ्यांचं वेळेत होईल. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि रात्री अकरा वाजता उत्तर लिहायला बसलो. हेच वाक्य माझ्या बायकोला तिथे, ग्रेव्हे गावच्या चौकात, दहा माणसांसमोर ऐकावं लागलं होतं.

मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. साडेचार एकर बाग आहे. २०२३ च्या सप्टेंबरअखेर नाशिकच्या ११ जणांच्या ग्रुपबरोबर आम्ही दोघं गेलो. फ्लॉरेन्स, ग्रेव्हे, राद्दा, गायोले, सिएना असा रस्ता. माझी बायको सायकल शिकली पंचेचाळिसाव्या वर्षी. त्या आधी बागेतली विरळणी, काढणी हेच तिचं आयुष्य. निघायच्या आधी तिने नाशिक-पंढरपूर सायकल वारी पूर्ण केली होती. तिचा वेग कमी आहे, पण ती थांबत नाही. हा फरक आमच्या ग्रुपच्या कॅप्टनना कळला नाही, अजून कळलेला नाही.

कियान्तीत सपाट रस्ता जवळजवळ नाहीच. गावं डोंगराच्या माथ्यावर आणि नद्या खाली, त्यामुळे एका गावातून दुसऱ्या गावात जायचं म्हणजे उतरायचं, पूल ओलांडायचा आणि पुन्हा चढायचं. ग्रेव्हे साधारण २४० मीटरवर आहे, त्याच्या पुढचं पान्झानो ५०० च्या आसपास, मधलं अंतर सहा-सात किलोमीटर. सिंहगडाच्या घाटापेक्षा हा चढ पुष्कळ सौम्य आहे. तुम्ही सिंहगडाचा निम्मा घाट न उतरता चढू शकत असाल तर इथे अडणार नाही. त्रास होतो तो दिवसातून तीन-चार वेळा तोच प्रकार करावा लागतो म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टन म्हणाले, "वहिनी, आज तुम्ही गाडीत बसा, आपलं अ‍ॅव्हरेज पडतंय." ती काही बोलली नाही. हेल्मेटचा पट्टा लावला आणि निघाली. पान्झानोपर्यंत एकदाही पाय टेकवला नाही. मी तिच्या मागे होतो. वर पोचलो तर चौकात कोणी नाही. फोनवर निरोप, "पुढे होतोय, राद्दाला भेटू."

पान्झानोहून रस्ता पेसा नदीच्या खोऱ्यात उतरतो आणि तिथे फाटा आहे. राद्दाचा रस्ता डावीकडे फुटतो, मुख्य २२२ नंबरचा रस्ता कास्तेलिनाकडे जातो. त्या फाट्यावर आमच्यातला एक माणूस उभा असायला हवा होता. नव्हता. आम्ही उतारावर वेगात होतो, पाटी सुटली आणि कास्तेलिनाच्या बाजूने चढायला लागलो. दोनेक किलोमीटरवर माझ्या लक्षात आलं. मी म्हटलं परत फिरू. ती म्हणाली, "चढलेय ते उतरणार नाही. वरून जाऊ." कास्तेलिनाहून राद्दाला डोंगराच्या माथ्यावरून रस्ता आहे, दहा-अकरा किलोमीटरचा, तेव्हा तिचं म्हणणं बरोबरच होतं.

तिथेच रस्त्याला लागून एका बागेत काढणी चालू होती. आम्ही पाणी प्यायला थांबलो.

आता हे मी जरा सविस्तर सांगणार, कारण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर माझ्या लेखी हेच आहे. बागेला मांडव नाही, आमच्याकडचा वाय आकाराचा तारांचा आधारही नाही. ओलांडा, म्हणजे वेलीची आडवी फांदी, गुडघ्याच्या जरा वर, त्यावर आखूड खुंट्या आणि तारांमध्ये सरळ उभ्या नेलेल्या काड्या. जमीन दगडगोट्यांची, पायाखाली चपट्या कपच्या करकर वाजतात. या कपच्यांना ते गालेस्त्रो म्हणतात. माझी बायको बांधावरून दोन ओळी आत गेली आणि एका वेलीवरचे घड मोजायला लागली. सात. शेजारच्या वेलीला आठ. "एवढ्यात यांचं भागतं कसं?" असं तिने मला विचारलं. आम्ही त्याच्या तिपटी-चौपटीने ठेवतो आणि तरी कर्ज फिटत नाही.

तोवर बागेचे मालक आले, सत्तरीचे असतील. आधी जरा कपाळाला आठी होती. मग त्यांचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. तिने घड बघायला धरला होता तो देठाला. मण्याला बोट लागू द्यायचं नाही, वरची लव पुसली जाते, हे निर्यातीच्या मालावर काम करणाऱ्या आमच्याकडच्या प्रत्येक बाईच्या हातात बसलेलं असतं. वाइनच्या द्राक्षाला त्याची गरज नाही. पण धरण्यावरून माणूस ओळखला. त्यांनी खिशातून ब्रिक्समीटर, म्हणजे द्राक्षातली साखर मोजायचं यंत्र, काढलं, एक मणी काचेवर पिळला आणि तिच्या हातात दिलं. तिने उजेडाकडे धरून पाहिलं आणि बोटांनी दोन आणि तीन दाखवले. तेवीस. ते हसले आणि मोठ्याने काहीतरी बोलून त्यांनी आपल्या बायकोला हाक मारली. आमची निर्यातीची थॉमसन जातीची द्राक्षं आम्ही १६-१८ ला उतरवतो, तेवीसचं द्राक्ष तिने पहिल्यांदा खाल्लं. सांजोवेझे जात. मणी लहान, साल जाड, आत बिया आणि गोडीमागून एक तुरटपणा.

मग तिला एका पानावर वाळलेला डाग दिसला. तिने पान उलटं केलं आणि म्हणाली, "डावणी." ते म्हणाले, "पेरोनोस्पोरा." एकाच बुरशीच्या रोगाची ही दोन नावं. दोघांनी एकाच वेळी मान हलवली. त्या वर्षी इटलीत मे-जूनमध्ये पावसाने बागा धरून ठेवल्या होत्या आणि डावणीने देशभर नुकसान केलं होतं. त्यांनी रिकामी ओळ दाखवली. २०१९ च्या परतीच्या पावसात आमची फुलोऱ्यातली बाग अशीच गेली होती. तिला इटालियन येत नाही, त्यांना मराठी नाही, इंग्रजी दोघांनाही नाही. तरी तिने हाताने पाऊस दाखवला, बोटांनी दिवस मोजले आणि त्यांना कळलं. मालकिणीने आपल्या हातातली कात्री तिला दिली. तिने दहा-बारा घड काढले आणि क्रेटमध्ये एकाशेजारी एक असे ठेवले की देठ वर. चार वर्षं झाली त्या नुकसानीला, पण त्याबद्दल तिला इतकं बोलताना मी तोवर पाहिलं नव्हतं.

गाडीत बसली असती तर हे कुठून झालं असतं?

तिथला हिशोब मला नंतर गायोलेजवळच्या एका वायनरीत कळला. कियान्ती क्लासिको या तिथल्या वाइनच्या नियमाने हेक्टरी साडेसात टनांच्या वर माल घेता येत नाही, म्हणजे एकरी तीन टन. आम्ही एकरी दहा-बारा टन काढतो. नवीन लागवडीला हेक्टरी किमान ४,४०० वेली हव्यात, म्हणजे एकरी पावणेअठराशे. आमच्याकडे नऊ बाय पाचवर एकरी ९६८ बसतात. दाट लावायचं आणि वेलीवर थोडं ठेवायचं. या प्रदेशाची हद्द १७१६ साली तिसऱ्या कोसिमो दे मेदिचीने हुकूम काढून ठरवली, तेव्हापासून गावाचं नाव मालाला चिकटलंय आणि भाव त्या नावाला मिळतो. हे पाहून मी गप्प झालो होतो. आमच्या दिंडोरीच्या द्राक्षाला असं नाव का नाही, हा प्रश्न घेऊन मी परत आलो.

राद्दाला आम्ही दोन तास उशिरा पोचलो. कॅप्टन चिडलेले होते. सगळ्यांसमोर म्हणाले की आम्ही ग्रुपची शिस्त मोडली. बायकोने क्रेटमधून मिळालेले दोन घड टेबलावर ठेवले आणि खोलीत गेली. त्यावर मी तेव्हा बोललो नाही, म्हणून आज बोलतो. ग्रुप आम्ही सोडला नव्हता, ग्रुपने आम्हाला सोडलं होतं. पंढरीच्या वाटेवर दिंडीतली म्हातारी मागे राहिली तर विणेकरी थांबतो. सायकल वारीत हेच लोक फाट्याफाट्यावर उभे राहतात. विमानात बसल्यावर ती रीत कुठे गेली? ज्या ग्रुपचा वेग सगळ्यांत पुढचा माणूस ठरवतो तो ग्रुप नव्हे. आणि ताशी किती पडले हे पाहायचं असेल तर त्यासाठी द्राक्षमळ्यात जायची गरज नाही, नाशिक-मुंबई हायवे आहे.

तेव्हा तुमच्या ग्रुपकडून पुण्यातच, निघायच्या आधी, सगळ्यांसमोर दोन गोष्टी कबूल करून घ्या. फाट्यावर पुढचा माणूस थांबेल आणि मागचा डोळ्यांनी दिसल्याशिवाय हलणार नाही. आणि सगळ्यांत मागे रोज एक अनुभवी माणूस राहील, आळीपाळीने. नवऱ्यावर ते सोपवू नका, नाहीतर तुमचं मागे राहणं हा तुमच्या घरचा प्रश्न होऊन बसतो. आमचं तेच झालं.

ई-बाइकचं विचारलंय. घ्या. माझ्या बायकोने घेतली नाही, तो तिचा हट्ट होता आणि मला त्याचा अभिमान आहे, पण तुम्हाला मी घ्याच म्हणेन. युरोपात मोटर २५० वॅटची असते, पायडल मारलं तरच चालते आणि ताशी २५ च्या वर मदत बंद होते. कष्ट तुमचेच असतात. ही फसवणूक आहे असं कोणी म्हणालं तर त्याची कार्बनची सायकल उचलून बघा आणि तिची किंमत विचारा. ई-बाइक मात्र वीस-पंचवीस किलोची असते, उतारावर तिचं वजन जाणवतं, हे लक्षात असू द्या.

उताराचं म्हणाल तर तिथल्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर जपा. स्त्रादे बियांके म्हणतात त्यांना, बारीक खडी असते. गायोलेत १९९७ पासून जुन्या सायकलींची लेरोइका नावाची राइड भरते, १९८७ च्या आधीच्या धाटणीच्या सायकली लागतात. हे रस्ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून ती सुरू झाली. आमच्यातल्या दोघांनी बारीक टायरच्या सायकली घेतल्या होत्या, दोघंही पडले. रुंद टायर मागा, आणि खडीवर पुढचा ब्रेक एकदम दाबू नका.

वाइन पीत नाही म्हणून संकोच करू नका. माझी बायकोही पीत नाही. टेस्टिंगच्या टेबलावर तिला ब्रेड आणि ऑलिव्हचं तेल दिलं, कोणी आग्रह केला नाही. मी चाखली आणि बादलीत थुंकली, तिथे तीच रीत आहे. सायकल हेही कायद्याने वाहनच आहे, रक्तात लिटरला ०.५ ग्रॅमची मर्यादा तुम्हालाही लागू. दुपारी दोन ग्लास घेऊन उतारावर निघणारे आपले लोक मी पाहिलेत, मला ते आवडलं नाही. ब्रोलिओचा किल्ला चुकवू नका. तिथल्या बेत्तिनो रिकासोलीने, जो इटलीचा पंतप्रधान होता, १८७२ मध्ये कियान्ती वाइनसाठी सांजोवेझे, कानायोलो आणि पांढरी माल्वाझिया अशा द्राक्षांचं मिश्रण मांडलं. आता कियान्ती क्लासिकोत पांढरी द्राक्षं चालत नाहीत, सांजोवेझे किमान ८० टक्के लागते.

आमच्या कॅप्टनबद्दल एवढं सांगायला हवं की हॉटेलं, सायकली, व्हिसाचे कागद सगळं त्यांनी एकट्याने केलं होतं, आणि त्या दिवशी ते घाबरलेलेही असणार. ते मी मानतो. फाट्यावर माणूस नव्हता हे मात्र त्यांनी अजून मानलेलं नाही.

आणि तुम्हाला गुडघ्याचा त्रास असेल, किंवा एखाद्या दिवशी पाऊस असेल, तर गाडीत खुशाल बसा. पण ते सकाळी तुम्ही ठरवायचं. भाड्याची सायकल घेताना ब्रेक तपासा, तिकडे पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो आणि रस्ता उजवीकडून चालतो. पहिल्या दिवशी दोन्ही गोष्टी एकदम अंगवळणी पडत नाहीत, म्हणून हॉटेलच्या आवारात अर्धा तास चालवून बघा.