दादा, आधी ती पुस्ती बंद करा
तुम्ही मुलीकडून लिहून घेतलंत: वय 38, टेम्पो चालवता, चलनावरचा पत्ता दुसऱ्याकडून वाचून घेता, आणि महिनाभर रोज रात्री तिची पुस्ती गिरवताय. वाचून पोटात कालवाकालव झाली, कारण मी तेच दीड वर्ष केलं.

रोज दोन पानं. अक्षर इतकं वळणदार झालं की बायको पाहुण्यांना वही दाखवायची. पण नाशिकच्या स्टँडवर 'घोटी'ची पाटी समोर असूनही मी कंडक्टरच्या हाकेची वाट बघत उभा. घ की ध, हे ठरेपर्यंत गाडी निघालेली. हाताला आकार आला होता, आकाराला आवाज जोडलाच नव्हता. डिस्लेक्सियात, म्हणजे वाचायला-लिहायला अडखळण्याच्या या अडचणीत, मुख्य घोळ तिथेच असतो, बुद्धीत नाही. ते दीड वर्ष अजून जिवाला लागतं.

शेवटी गल्लीतल्या निवृत्त बाईंनी वही मिटायला लावली. जुन्या लग्नपत्रिकेला बोटाएवढी खिडकी कापली. त्यातून एकच अक्षर दिसायचं. मोठ्याने म्हणायचं, मग पत्रिका पुढे सरकवायची. 'दिवस'मधली वेलांटी आधी दिसते, पण म्हणायची द च्या नंतर. 'कर्म'मधला रफार म च्या डोक्यावर, पण उच्चार म च्या आधी. चाळिशीपर्यंत हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! घ-ध, भ-म एकाच दिवशी घेऊ नका. एक पक्कं झालं की दुसरं. रोज 20 मिनिटं पुरे.

मी डॉक्टर नाही, माझ्यापुरतं सांगतोय. डोळे आणि कान तपासून घ्याच.

दिव्यांगत्वाचा दाखला हवा असेल तर 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात डिस्लेक्सिया धरलेला आहे. पण त्यासाठीची निम्हान्सची (बंगळुरूची मानसिक आरोग्य संस्था) नेहमीची चाचणी 12 वर्षांपर्यंतच्या मुलांची. मला एका कार्यालयातून 'सही येते ना तुम्हाला?' म्हणून परत पाठवलं. संताप होतो, पण दाखल्यासाठी वाचन थांबवू नका.

मुलीला सांगा, शब्द अडला की लगेच सांगू नकोस, मनात पाच मोज. माझा मुलगा घाईने सांगायचा, मग मी कागद सोडून त्याच्या तोंडाकडेच बघायचो.

आणि ससा-कासवाची पुस्तकं नकोत. तुमची जुनी चलनंच घ्या, गावांची नावं तुम्हाला तोंडपाठ आहेत. सुरुवात काना-मात्रा नसलेल्या नावांनी करा: नगर, कळवण. घोटी नंतर.