छोटा पिकअप की मोठा ट्रक?

प्रश्न: आम्ही टेक्सासला असतो. ३,५०० पाउंडांचा कॅम्पर ट्रेलर घ्यायचाय. फोर्डच्या छोट्या मॅव्हरिक पिकअपवर भागेल की मोठा एफ-१५० ट्रकच घेऊ?

उत्तर: कॅम्पर ओढायचाच असेल तर एफ-१५० घ्या, सरळ सांगतो. २०२२ ची हायब्रिड मॅव्हरिक २,००० पाउंडच ओढते, त्या वर्षी ४,००० साठी टर्बो इंजिन आणि टो पॅकेज (ट्रेलर ओढायची जादा सामग्री) दोन्ही लागायचं, आणि तुम्ही म्हणता ते वजन रिकाम्या कॅम्परचं असणार, त्यात पाण्याची टाकी, गॅस, भांडीकुंडी, वहिनींचा कुकर धरला की ४,००० झालेच समजा.

शिवाय ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर (ट्रेलर जोडायच्या मागच्या आकड्यावर) येतो, म्हणजे ४०० ते ६०० पाउंड, आणि तो पेलोडमधूनच, म्हणजे गाडी स्वतःवर जेवढं वजन घेऊ शकते त्यातूनच, वजा होतो, घरची चार माणसंपण त्यातच. ड्रायव्हरचं दार उघडून खांबावरचं पिवळं स्टिकर वाचा, पेलोड त्यावर लिहिलेला असतो, सेल्समनच्या बोलण्यापेक्षा तो आकडा खरा.

नुसती माती, लाकडं, फर्निचर न्यायचं असतं तर मी मॅव्हरिकच म्हटलं असतं. १,५०० पाउंडांपर्यंत माल घेते, पार्किंगला त्रास नाही, पेट्रोलही कमी. हौदा मात्र साडेचार फुटीच आहे, आठ फुटी प्लायवूड मागे बाहेर येणारच.