1983 ची गिटार आणि चार महिन्यांची गंगाजळी

प्रश्न : माझं वय 27, नोकरीला तीन वर्षं झाली. इलेक्ट्रिक गिटार शिकायची आहे. अजून एकही कॉर्ड धड येत नाही. जपानमधला एक विक्रेता 1983 ची ‘लॉसूट’ इबानेझ रोडस्टार गिटार विकतो आहे. त्याचं म्हणणं, जपानी व्हिंटेजचे भाव चढतच जातात, त्यामुळे हा खर्च नाही, गुंतवणूक आहे. त्याच काळातला छोटा अ‍ॅम्प्लिफायरही तो जवळजवळ फुकट देतोय. गिटारची किंमत माझ्या दोन महिन्यांच्या घरखर्चाएवढी आहे. अडीअडचणीसाठी मी चार महिन्यांचा खर्च बाजूला ठेवला आहे. त्यातून पैसे काढू, की क्रेडिट कार्डावर बारा हप्ते करू? की सरळ एखादी नवी, स्वस्त गिटार घेऊ? सिरियल नंबरचा फोटो सोबत पाठवत आहे.

उत्तर : नमस्कार. पैसे कुठून काढायचे ते शेवटी बघू. आधी विक्रेता तुम्हाला नेमकं काय विकतोय ते पाहू, कारण मला वाटतं तो गिटारपेक्षा ‘लॉसूट’ हे एक विशेषण जास्त महाग विकतोय.

1977 च्या जूनमध्ये गिब्सन या अमेरिकन गिटार कंपनीची तेव्हाची मालक नॉर्लिन हिने इबानेझ या जपानी ब्रँडच्या अमेरिकेतल्या वितरकावर, एल्जर कंपनीवर, फिलाडेल्फियाच्या कोर्टात दावा लावला. भांडण होतं गिटारच्या डोक्याच्या, म्हणजे हेडस्टॉकच्या, आकाराची नक्कल केल्यावरून. पुढच्याच वर्षी ते कोर्टाबाहेर मिटलं, आणि गंमत म्हणजे इबानेझने तो आकार दावा लागण्याआधीच बदलत आणला होता. एवढ्याशा प्रकरणावरून पुढे सत्तरीच्या दशकातल्या अमेरिकन गिटारींच्या झाडून सगळ्या जपानी नकलांना ‘लॉसूट’, म्हणजे ‘दावा’, म्हणायची पद्धत पडली. आता तुमचा फोटो. नंबर ‘ई83’ने सुरू होतो. इबानेझच्या त्या काळच्या पद्धतीत पहिलं अक्षर महिन्याचं आणि पुढचे दोन आकडे वर्षाचे. ई म्हणजे पाचवा महिना, म्हणजे ही गिटार मे 1983 ची. साल खरं आहे. पण रोडस्टार ही कोणाची नक्कल नव्हे, इबानेझचं स्वतःचं डिझाइन आहे, आणि दावा मिटून तोवर पाच वर्षं झाली होती. तेव्हा ‘लॉसूट’चे वेगळे पैसे मोजू नका. विक्रेत्याला हे नम्रपणे सांगून बघा. किंमत तिथेच थोडी उतरेल.

गिटार वाईट आहे असं मात्र मी म्हणत नाही. त्या काळच्या बऱ्याचशा इबानेझ गिटार मात्सुमोतोच्या फुजिगेन कारखान्यात बनत. त्याच गावात मात्सुमोकू नावाचा कारखाना होता, तो शिलाई मशीनची लाकडी कपाटं करता करता गिटारींकडे वळला. इकडे हामामात्सूला टोकाई आणि यामाहा या कंपन्या. फेंडर या अमेरिकन गिटार कंपनीने 1982 मध्ये जपानमध्ये कंपनी काढली ती हे काम बघूनच. मग सप्टेंबर 1985 मध्ये डॉलरचा भाव उतरवण्यासाठी पाच बड्या देशांचा प्लाझा करार झाला. एका डॉलरला साधारण 240 येन मिळत होते, ते वर्षभरात 155 च्या आसपास आले. जपानी माल परदेशात एकाएकी महाग झाला, स्वस्त गिटारींचं काम कोरियाकडे सरकलं, आणि 1987 मध्ये मात्सुमोकूला टाळं लागलं. म्हणून 1975 ते 1985 या दहा वर्षांच्या मालाला लोक आज हुडकत फिरतात. पण हा कारखान्यातला, मोठ्या संख्येने निघालेला माल आहे. चांगला आहे, दुर्मिळ नाही. भाव चढायला दुर्मिळपणाही लागतो.

शिवाय येन. जुलै 2024 मध्ये डॉलरला 161 येनपर्यंत भाव गेला होता, 1986 नंतर येन एवढा कधी घसरला नव्हता. जपानबाहेरच्या माणसाला तिथल्या जुन्या गिटार स्वस्त दिसू लागल्या त्यात या घसरणीचाही हात आहे. म्हणजे ‘गुंतवणूक’ म्हणून गिटार घेणारा माणूस नकळत परकीय चलनावरही पैज लावतो.

आता गणित. हे आकडे मी समजुतीसाठी धरले आहेत, तुमचे खरे आकडे तुम्ही भरा. गिटारची किंमत 100 धरा. पाठवणी आणि विमा 12, सीमाशुल्क आणि कर 20, आल्यावर दुरुस्ती आणि सेटअप, म्हणजे वाजवण्याजोगी जुळणी, 8. म्हणजे हातात पडेपर्यंत 140. पाच वर्षांनी विकायला गेलात तर दुकानदार स्वतःचा नफा ठेवून बाजारभावाच्या, समजा, 70 टक्के देईल. तुमचे 140 परत मिळायला बाजारभाव 200 व्हायला हवा. 100 चे 200, पाच वर्षांत : वर्षाला जवळजवळ 15 टक्के. तुम्ही म्हणाल, आयातीचा खर्च इथल्या बाजारभावात धरलेला असतोच. बरोबर आहे. मग सुरुवातच 130 पासून करू. तरीही वर्षाला 9 टक्के वाढ लागते, आणि ती फक्त मुद्दल सुटायला! दुकानदाराला टाळून दुसऱ्या वाजवणाऱ्याला थेट विकलीत तर चित्र बरंच सुधारतं, पण असा गिऱ्हाईक तुम्हाला गरज असेल त्याच महिन्यात भेटेल याची हमी कोण देणार?

तेव्हा गुंतवणूक हा शब्द खोडून टाका. त्याने निर्णय सोपा होतो. ही हौस आहे, आणि हौसेला अंदाजपत्रकात जागा असतेच. मी ती कोणाच्याही यादीतून कापत नाही.

शिकाऊ माणसाला जुन्या गिटारमध्ये नडतं ते नेक, म्हणजे गिटारची लांब दांडी. चाळीस वर्षं तारांचा ताण झेलून ती वाकलेली असू शकते. आत एक लोखंडी ट्रस रॉड असतो, त्याने वाक सरळ करता येतो. पण तो आधीच शेवटापर्यंत पिळलेला असेल, तर पुढे काही करता येत नाही. नेकला पीळ पडला असेल तर ट्रस रॉडचाही उपयोग नाही. फ्रेट, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, झिजले असतील तर तारा करकरतात, आणि सगळे फ्रेट बदलणं हे स्वस्तातलं काम नाही. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. खरी अडचण पैशाच्याही पलीकडची आहे : ज्याला वाजवता येतं त्याला पाच मिनिटांत कळतं की दोष गिटारचा आहे. नवशिक्याला वाटतं, दोष आपल्या बोटांचा. मी स्वतः तिशीत एक जुनी गिटार अशीच फोटो बघून घेतली होती. बाराव्या फ्रेटवर तार इतकी उंच की दाबताना बोटं सोलायची. आपल्याला जमणारच नाही असं ठरवून मी सात महिने तिला कोपऱ्यात ठेवलं. एका कारागिराने तिला हात लावल्यावर कळलं, ट्रस रॉड संपला होता. विकताना निम्मेच पैसे आले, ते ठीक आहे. त्या सात महिन्यांचं मात्र अजून वाईट वाटतं.

अ‍ॅम्प्लिफायर घेऊ नका, फुकट दिला तरी. जपानमध्ये घरातली वीज 100 व्होल्टची असते. तुमच्याकडे 220 ते 240 व्होल्ट असतील आणि तो थेट लावलात, तर पहिल्याच दिवशी धूर निघेल. त्यासाठी ट्रान्सफॉर्मर घ्यायचा, वर त्या वजनाची पाठवणी भरायची, हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. एक छोटा नवा सरावाचा अ‍ॅम्प तुम्हाला दोन-तीन वर्षं पुरेल. आणि फिंगरबोर्ड, म्हणजे नेकवरची लाकडी पट्टी, ब्राझिलियन रोझवूडचा आहे अशी फुशारकी कोणी मारली तर हुरळू नका. ते लाकूड 1992 पासून साइट्स या, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे. इतर बहुतेक रोझवूडच्या तयार वाद्यांना 2019 च्या अखेरीपासून सूट मिळाली, याला नाही. परवान्याविना गिटार सीमेवर अडकून पडेल.

मग नवी स्वस्त घ्यावी का? नव्या गिटारची किंमत दुकानातून बाहेर पडतानाच उतरते, पण तिला वॉरंटी असते आणि नेक सरळ असते. योग्य भावात घेतलेल्या जुन्या जपानी गिटारची ही पहिली घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते. वर्षाने सोडावीशी वाटली तर तुम्ही फारसे न हरता बाहेर पडू शकता. या एका मुद्द्यावर मी जुन्या गिटारच्या बाजूचा आहे. अट एकच, ती प्रत्यक्ष हातात घेऊन, वाजवणाऱ्या माणसाला सोबत नेऊन घ्यायची. साता समुद्रापलीकडून, फोटो बघून नाही. स्थानिक बाजारात ऐंशी-नव्वदच्या दशकातली साधी, ‘व्हिंटेज’ हा शब्द न चिकटलेली जपानी यामाहा किंवा फेंडर जपान मिळाली, तर ती तुमच्या रोडस्टारपेक्षा शिकायला अजिबात कमी पडणार नाही.

आता पैशाचं. गंगाजळीला हात लावू नका. चार महिन्यांची आहे ती दोनवर येईल, आणि गिटार हे अडचणीच्या रात्री मोडता येणारं ठेवपत्र नाही. कार्डाचे हप्ते तर त्याहून नकोत : परदेशी खरेदीवर बँक चलनाचा वेगळा आकार लावते, आणि ‘बिनव्याजी’ हप्त्यात प्रक्रिया शुल्क नाहीतर गमावलेली सूट कुठेतरी दडलेली असतेच. माझा हिशेब असा आहे : दरमहा घरखर्चाच्या दहाव्या हिश्श्याएवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाका. दहा महिन्यांत एका महिन्याच्या खर्चाएवढी रक्कम जमेल, आणि गिटार, अ‍ॅम्प, सेटअप मिळून तुमची मर्यादा तेवढीच. तोवर थांबायचं नाही. पहिले तीन महिने भाड्याची किंवा मित्राची गिटार घ्या, शिकवणी लावा, रोज वीस मिनिटं बसा. तीन महिन्यांनीही बसावंसं वाटत असेल तर सातव्या महिन्यात बाजारात फिरायला लागा.

आणि त्या रोडस्टारवरून मन उडतच नसेल, तर विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी मागा : बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मिलिमीटरमध्ये, नेकच्या टोकापासून बॉडीकडे पाहत काढलेला फोटो, आणि ट्रस रॉड दोन्हीकडे अजून किती फिरतो त्याचा व्हिडिओ. सोबत, न आवडल्यास परत घेणार का आणि परतीचं भाडं कोणाचं, हेही. चारही उत्तरं आली की मला कळवा, आपण पुन्हा आकडे मांडू.