डबा सासूबाईंचा, राग नणंदेचा

अगं, पत्र वाचलं. नवरा ज्यू, त्याचे आजी-आजोबा १९४० च्या सुरुवातीला व्हिएन्नाहून पळून बोटीने शांघायला गेले, सोबत एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि तो सासूबाईंनी जाण्याआधी लेकीला न देता तुझ्या हातात ठेवला. आता नणंद म्हणते तू आमच्यातली नाहीस, डबा म्युझियमला जाऊ दे, आणि नवरा "तुम्ही दोघी बघा" म्हणून मोकळा. (नवरे सगळ्या धर्मांत सारखेच!)

आधी डब्यातल्या पासपोर्टचं. आजीच्या नावात 'सारा' दिसतं म्हणून तो दुसऱ्याच कुणाचा असेल असं नणंदेला वाटतंय ना, तसं नाहीये. १९३९ पासून नाझींनी बहुतेक ज्यू बायकांना नावात सारा आणि पुरुषांना इस्राएल लावायची सक्तीच केली होती. आणि डब्यात दागिना एकही कसा नाही म्हणतेस, तर अगं लग्नाच्या अंगठीसारखं थोडंफार सोडून सोनं-चांदी सरकारकडे जमा करायला लावलेली, देश सोडताना माणशी १० मार्क फक्त. इटली जून १९४० मध्ये युद्धात उतरली नि शांघायला जाणाऱ्या तिच्या बोटी बंदच झाल्या, म्हणजे हे लोक अगदी शेवटी शेवटी सुटले. त्या बोटी वाटेत मुंबईला थांबायच्या बरं का, तुझं माहेर डब्याने आधीच पाहिलेलं असेल!

आता भांडण. मला विचारशील तर नणंदेला म्युझियमचं एवढं पडलेलं नाहीये, आईने डबा मला का नाही दिला हे तिला खुपतंय, आणि मला ते चूक वाटत नाही. तू कितीही सेवा केलीस तरी आई तिची होती. तिला घरी बोलाव, दोघी मिळून उघडा, तिला लहानपणीचं जे आठवतं ते मोबाईलवर रेकॉर्ड कर.

कागद म्युझियमला द्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे. पासपोर्ट आणि १९४३ नंतरचा तो हाँगक्यू वस्तीतून (शांघायमध्ये जपान्यांनी ज्यू निर्वासितांना जिथे राहायला लावलं ती) बाहेर पडायचा पास घरात पिवळा पडून काय उपयोग? वॉशिंग्टनचं होलोकॉस्ट म्युझियम असं सामान घेतं. पण दानपत्रावर सही केली की वस्तू त्यांची, आणि ती काचेत मांडतीलच असं नाही, बरंचसं स्टोअरमध्येच राहतं, हे नणंदेला आधीच सांग नाहीतर पुन्हा रुसेल. डबा मात्र कुटुंबातच ठेवा, आत्ता नणंदेकडे जाऊ दे. सासूबाईंनी विश्वासाने दिला तो तुला, मग कुठे ठेवायचा हेही तूच ठरव की.

लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, कागद गंजक्या पत्र्यातून आजच बाहेर काढ. आणि स्कॅनिंगचं काम नवऱ्याला लाव, बसलाय ना मोकळा!