चार वर्षांच्या मुलीला तिच्या हृदयाच्या ऑपरेशनबद्दल आधी सांगावं का?

सांगा, आणि खरं तेच सांगा. तुमच्या मुलीच्या काळजातलं भोक बुजवायचं ऑपरेशन ठरलंय, तिला आधी सांगायचं का आणि नंतर शाळेत कधी धाडायचं, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या प्रश्नावरून आमच्या घरात एवढं महाभारत झालं की लिहिल्याशिवाय राहवेना.

आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले. आमची मुलगीही तेव्हा चार वर्षांचीच होती. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या डॉक्टरांना छातीत वेगळा आवाज लागला आणि त्यांनी बांबोळीच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पाठवलं. तिथे इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, एएसडी निघाला, म्हणजे वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक. भोकाची कड पुरेशी नव्हती, त्यामुळे जांघेतल्या शिरेतून भोक बुजवणारं डिव्हाइस नेऊन बसवणं जमणार नव्हतं, छाती उघडावीच लागणार होती. थोरल्या नणंदबाईंचं एकच पालुपद, "पोर अंगणभर धावतेय, कशाला कापता?" अहो, एएसडीची बहुतेक मुलं धावतातच! उजव्या बाजूला जादा रक्त जात राहतं, ती बाजू हळूहळू मोठी होते आणि त्रास दिसतो तो कित्येकदा मोठेपणी, ठोके बिघडल्यावर किंवा फुप्फुसांतला दाब वाढल्यावर.

ऑपरेशन ठरल्यावर नणंदबाईंनी मुलीला परस्पर सांगून टाकलं, "आईस्क्रीम खायला चाललोय, कोण टोचणार नाही." वॉर्डात सिस्टर रक्त काढायला आल्या आणि सुई टोचली. पोर रडायच्या आधी माझ्याकडे बघत राहिली. त्यानंतर साधा थर्मामीटर दिसला तरी दोन्ही मुठी फ्रॉकखाली.

त्याच रात्री मी तिला सगळं सांगितलं. बाहुलीच्या छातीवर उभी चिकटपट्टी लावली. म्हटलं, झोपेचं औषध देतील, जागी होशील तेव्हा मी लगेच दिसणार नाही, पण दाराबाहेर असेन. छातीला पट्टी आणि नळी असेल. दुखेल, दुखलं की सांगायचं, औषध मिळतं. तहान लागेल, पण पाणी चमच्यानेच मिळेल. तिने एवढंच विचारलं, "बाहुलीलापण चमच्यानेच?"

ऑपरेशननंतर पाणी खरंच मोजून देतात. ओठ सुकलेले असतात आणि मूल पाणी पाणी करतं, ते बघवत नाही. आमचीने ओरडून मागितलं नाही. चमचाभर पाणी तोंडात घेऊन गाल फुगवून धरायची, थोडं थोडं गिळायची आणि सिस्टरना विचारायची, "आता परत कधी?" त्यांनी भिंतीवरचं घड्याळ दाखवलं, तर काट्यावरून नजर हलवेना.

नणंदबाई अजून दर गणेश चवथीला, सगळं घर जमलेलं असताना म्हणतात, "हिने पोरीला आधीच घाबरवलं." घाबरवलं असतं तर तिने दुसऱ्या दिवशी सुईसाठी स्वतःहून हात पुढे केला असता का? मोठ्यांना मुलांचं रडणं झेपत नाही, म्हणून थापा मारतात. तुमच्याकडेही असं कोणी असेल तर त्यांना वॉर्डात आणूच नका, रुसले तर रुसू देत.

अर्थात फार आधीपासून सांगू नका, चार वर्षांच्या मुलीला दोन-तीन दिवस आधी पुरे. दोन वर्षांच्या बाळाला एवढं सगळं कळणार नाही, त्याला जवळ घ्या. आणि हृदयाच्या दोषामुळे निळ्या पडणाऱ्या मुलांचं वेगळं. फार रडली तर एकदम जास्त निळी पडून श्वास लागायचा झटका येऊ शकतो, म्हणून डॉक्टरांना विचारूनच काय ते करा.

शाळेचं तुमचे सर्जनच सांगतील. छाती मधोमध उघडली तर हाड सांधायला 6 ते 8 आठवडे लागतात, तोवर धक्काबुक्की नको. शाळेतल्या बाईंना आणि भेटायला येणाऱ्यांना बजावून ठेवा, काखेत हात घालून उचलायचं नाही. एक हात पाठीमागे, दुसरा ढुंगणाखाली.