होडी आडवी झाली तरी बॅटरी हलू नये

प्रश्न : सात मीटरच्या शिडाच्या होडीत १०० अँपिअर-तासांची पाण्याची लेड-ॲसिड बॅटरी प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवली आहे. डब्यावरचा पट्टा दोन स्क्रूंनी प्लायवूडच्या फळीला लावला आहे. वारा वाढला की डबा खडखडतो. हे चालेल का?

उत्तर : चालणार नाही. खडखडाट होतोय म्हणजे डबा सुटायला लागलाय. ही बॅटरी २५ ते ३० किलोंची असते. होडी लाटेवरून आपटली की हिसका त्याहून कितीतरी मोठा बसतो, आणि होडी आडवी झाली की सगळा भार दोन स्क्रूंवर. दमट प्लायवूडमध्ये स्क्रूची पकड टिकत नाही, ते भुसा घेऊनच उपटतात.

स्क्रू काढून ६ मिमीचे स्टेनलेसचे बोल्ट फळीतून आरपार घाला. खालून रुंद वॉशर आणि नायलॉक नट (आतल्या नायलॉनच्या कड्यामुळे सैल न होणारे). भोक फळीलाच पाडायचं, होडीच्या तळाला नाही. फळीसुद्धा फायबरग्लासने होडीला पक्की जोडलेली हवी, नाहीतर बॅटरी फळीसकट निघेल. डब्याच्या चारही बाजूंना लाकडी पट्ट्या ठोका, म्हणजे तो सरकणार नाही. पट्टा ५० मिमी रुंद, न ताणणारा; रबरी दोरी अजिबात नको. धातूचं बकल टर्मिनलपासून लांब ठेवा.

मग बॅटरी चारही बाजूंना आणि वर जोर लावून ओढून पाहा. अमेरिकी मानकांत २५ मिमीपर्यंत हालचाल चालते. आमच्या मते तेवढीही नको, कारण रोजच्या हलण्यानेच केबलचे लग, म्हणजे टोकाच्या धातूच्या कड्या, सैल होतात.

टर्मिनलवर रबरी टोप्या आणि पॉझिटिव्ह टर्मिनलपासून १८ सेंमीच्या आत फ्यूज हवाच. काम करताना निगेटिव्ह आधी सोडा, पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळा.

प्रश्न : पाणी शिरू नये म्हणून डबा सीलंटने बंद करू का?

उत्तर : कृपया करू नका. चार्जिंगच्या शेवटी हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्के झाला की एक ठिणगी पुरते. तो वर चढतो, म्हणून हवेची वाट झाकणाच्या सर्वांत उंच भागात ठेवा. डब्याचा तळ मात्र अखंड हवा, सांडलेलं ॲसिड त्यातच राहावं. खारं पाणी सेलमध्ये गेलं तर विषारी क्लोरीन निघतो; म्हणून तळाशी साचणाऱ्या पाण्याच्या पातळीच्या बऱ्याच वर बॅटरी बसवा. सांडलेल्या ॲसिडवर खायचा सोडा टाका, पण सेलमध्ये त्याचा कणही जाऊ देऊ नका.