जेन्ट्समध्ये एकट्याला पाठवू का?

प्रश्न: ताई, आम्ही इंदूरला राजेंद्रनगरात राहतो. मुलगा साडेसात वर्षांचा, दुसरीत आहे. नवरा नोकरीमुळे पुण्याला, महिन्यातून एखाद वेळा येतो, त्यामुळे बाहेर जायचं तर मी आणि मुलगा दोघंच. आत्तापर्यंत मी त्याला लेडीज वॉशरूममध्येच नेत होते पण आता तो दारातच अडून बसतो, म्हणतो माझ्या क्लासमधली कोणी दिसली तर? मागे एका मॉलमध्ये एक बाई सगळ्यांसमोर म्हणाली, इतना बड़ा लड़का है, बाहर भेजो ना. मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण जेन्ट्समध्ये एकट्याला पाठवायचं म्हटलं की पोटात गोळा येतो. सासूबाई म्हणतात, मुलगाच तर आहे, त्याला काय होतंय. नक्की कितव्या वर्षी पाठवायचं ते एकदा सांगून टाका.
— एक आई, राजेंद्रनगर

उत्तर: आधी सासूबाईंचं बघू, कारण हे वाक्य घराघरात ऐकू येतं आणि ते चूक आहे. महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली मुलांवरच्या अत्याचारांचा देशभराचा मोठा अभ्यास छापला होता, त्यात लैंगिक अत्याचार झाला असं सांगणाऱ्या मुलांमध्ये निम्म्याहून थोडे जास्त मुलगेच होते. त्यामुळे मुलगी असेल तर काळजी आणि मुलगा असेल तर बिनधास्त, हे डोक्यातून काढा. त्याच अभ्यासात अजून एक गोष्ट आहे, अत्याचार करणारे निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. हे का सांगतेय, तर आपण काय करतो, सानंद संस्थेच्या नाटकाला गेलो, मध्यंतर झालं, जेन्ट्सबाहेर ही रांग, मग समोर कोणी ओळखीचे दिसले की चटकन म्हणतो, अहो काका, जरा याला घेऊन जाता का. बहुतेक वेळा ते काका भले गृहस्थच असतात हो, पण "ओळखीचे आहेत" एवढ्यावर आपण सुटल्यासारखं करतो ते बरोबर नाही. त्यापेक्षा मध्यंतराच्या पाच मिनिटं आधी उठा, टॉयलेट रिकामं असतं, तुम्ही दाराशी उभ्या राहा, मुलगा जाऊन येईल.

आता वय. रेल्वेच्या लेडीज डब्यात बारा वर्षांच्या आतला मुलगा आईबरोबर चालतो, पण टॉयलेटला एकटं कधी जावं याचं वय कुठल्या कायद्यात लिहिलेलं नाही, आणि असतं तरी उपयोग नव्हता कारण आठ वर्षांचा एखादा मुलगा चटपटीत असतो आणि दहाचा एखादा अजून नाडी बांधून मागतो. माझं मत विचाराल तर पाच-सहापर्यंत मुलाला बाहेर एकटं पाठवूच नये, कोणी काही म्हणो, बरोबर लेडीजमध्ये न्यावं. सात-आठला छोट्या, ओळखीच्या जागी, तुम्ही दाराला लागून उभ्या असाल तर पाठवावं. मॉल, मल्टिप्लेक्सचं मोठं, आत वळणावळणाचं वॉशरूम असतं तिथे नऊ-दहानंतर. आणि बसस्टँड, रेल्वे स्टेशन, रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीची गर्दी, रात्रीचा सराफ्यातला खाऊबाजार, इथे दहाच्या मुलालाही दारापर्यंत सोडायलाच जायचं, लाजू दे त्याला. म्हणजे तुमचा मुलगा नेमका मधल्या टप्प्यावर आहे, म्हणूनच तुमची ओढाताण होतेय.

आणि तो दारात अडून बसतो ते मला तरी चांगलंच वाटलं. आपलं शरीर दुसऱ्यांसमोर उघडं नको असं त्याला वाटायला लागलंय, हीच अक्कल पुढे त्याला सांभाळणार आहे, ती हट्ट म्हणून दाबू नका. त्या मॉलमधल्या बाईची पद्धत वाईट होती, पण साडेसातचा मुलगा आत असला की काही बायकांना, त्याच्याच वयाच्या मुलींना जास्त, अवघडल्यासारखं होतं हेही खरंय. रडू नका त्यावर, ती तुम्हाला ओळखत नाही आणि तुम्ही तिला.

तर करायचं काय. पहिलं म्हणजे कपडे बघा. हे कोणी सांगत नाही पण निम्मा घोटाळा इथेच होतो. आपण बाहेर जाताना मुलाला जीन्स घालतो, तिला ते लोखंडी बटण, वर बेल्ट, आणि मग तो आत जाऊन खटपट करतो, निघत नाही, किंवा झाल्यावर लागत नाही, मग तसाच पँट धरून बाहेर येतो आणि समोर जो अंकल हात धूत असेल त्याला म्हणतो, ये लगा दो ना. झालं, तुमची सगळी शिकवणी पाण्यात. जिथे त्याला एकट्याला जायचंय तिथे इलॅस्टिकची पँट, बेल्ट नको. आणि या वयाची बरीच मुलं शू करताना पँट थेट घोट्यापर्यंत खाली सोडतात, घरी चालतं, बाहेर नाही, ते घरीच मोडा.

दुसरं, त्याला सांगा की उभं राहून करायच्या त्या भिंतीवरच्या भांड्यांशी जायचंच नाही, ती तशीही त्याच्या उंचीला वर असतात, सरळ केबिनमध्ये जायचं आणि कडी लावायची. आता कडीची गंमत अशी की मुलं आत अडकू या विचारानेच जास्त घाबरतात आणि मग पुढच्या वेळी कडीच लावत नाहीत. म्हणून घरातल्या, आजीकडच्या, शेजारच्या, मिळतील त्या सगळ्या कड्या त्याला लावून-उघडून बघू द्या, सरकणारी, फिरवायची, वर उचलून ओढायची. दार लावायच्या आधीच कडी एकदा सरकवून बघायची, घट्ट आहे असं वाटलं तर ती केबिन सोडून दुसरी घ्यायची. खालचा बोल्ट लावायचाच नाही.

तिसरं, आत कोणाशी बोलायचं नाही. कोणी नाव विचारलं, चॉकलेट दिलं, मदत करू का म्हटलं, अगदी साफसफाईवाले भैया असले तरी, "मेरी मम्मी बाहर खड़ी है" एवढंच म्हणायचं आणि यायचं. हे हिंदीत पाठ करून घ्या बरं का. आपल्याकडे घरात मुलं मराठी बोलतात आणि घाबरली की मराठीतच ओरडतात, इंदूरच्या मॉलमध्ये "आई, हा बघ ना" ऐकून कोणाला वाटेल लेकरू लाडात आलंय. "बचाओ", "मैं इनको नहीं जानता", हे जोरात ओरडायची प्रॅक्टिस घरी करा, मुलांना ओरडायला कोणी सांगितलं तर किती मजा येते ते बघा.

आणि तुम्ही. तुम्ही दाराशी मोबाईल बघत उभ्या राहायचं नाही. आधी दोन मिनिटं बघा कोण आत जातंय, कोण बाहेर येतंय, दुसरा दरवाजा तर नाही ना (काही मॉलमध्ये असतो, एकीकडून आत आणि दुसरीकडून बाहेर, तिथे या वयात नकोच). मग त्याला पाठवा आणि बाहेरून मोठ्याने बोलत राहा, "झालं का रे? मी इथेच आहे," त्याने ओ द्यायची. लोक बघतील, बघू देत. आतल्या माणसांना कळलं पाहिजे की या पोराची आई चार पावलांवर उभी आहे, सगळ्यात जास्त काम हाच आवाज करतो. तीन-चार मिनिटं झाली आणि ओ आली नाही तर सरळ दार ढकलून आत जा, जेन्ट्स आहे म्हणून थबकू नका, जो आत असेल तो सांभाळून घेईल.

फॅमिली रूम किंवा बेबी केअर रूम असेल तर आधी तीच विचारा, नव्या मॉल्समध्ये बहुतेक असते. छोट्या रेस्टॉरंटमध्ये एकच टॉयलेट असतं, एक दार, एक माणूस, सुरुवात अशा जागेपासून करा. छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोहे खायला गेलात तर तिथेच गर्दीत शोधाशोध करण्यापेक्षा अशी एखादी जागा आधी हेरून ठेवा. गूगल मॅप्सवर सार्वजनिक टॉयलेट दिसतात, ही सोय २०१६ ला सुरू झाली तेव्हा दिल्लीच्या बरोबरीने आपल्या इंदूर-भोपाळलाच आधी आली होती. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय त्यामुळे टॉयलेट सापडतं आणि बऱ्यापैकी चकाचकही असतं, पण चकाचक आहे म्हणजे मुलाला सोडायला हरकत नाही असं धरून चालू नका, ते दोन वेगळे हिशोब आहेत.

एक मात्र करू नका, "घरी जाऊनच कर" हे. मुलं मग पाणीच पीत नाहीत, दाबून धरतात, त्यातून लघवीचं इन्फेक्शन होतं, पोट साफ होत नाही, आणि शाळेतही तीच सवय लागते. भीती त्याला द्यायची नाही, ती तुम्ही आपल्यापाशी ठेवा. बाहेर आला की "काय झालं, कोण होतं" अशी उलटतपासणी नको, "आज काय गंमत झाली आत" असं हसत विचारा, रोज विचाराल तर एखाद्या दिवशी खरोखर काही झालं तर तो आपणहून सांगेल. सांगितलंच तर रागावू नका, "तू कडी का नाही लावलीस" हे शब्द तोंडातून येऊ देऊ नका. चाइल्डलाइन १०९८ चोवीस तास चालू असते, पोलिसांसाठी ११२. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा पॉक्सो कायदा अठरा वर्षांखालच्या मुलग्यांनाही तितकाच लागू आहे, जबाब घरी येऊन घेता येतो, पोलीस त्या वेळी वर्दीत नसतात, मुलाचं नाव बाहेर येत नाही. आणि कळूनही गप्प राहणं हा त्या कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे "बदनामी नको" म्हणणारे नातेवाईक निघाले तर त्यांना हे सांगा.

प्रश्न: ताई, मी बाबा आहे, लोकमान्यनगरला राहतो. बायको रविवारी ड्युटीवर असते म्हणून मुलगी (वय ५) माझ्याबरोबर. झू, बगीचा, मॉल सगळीकडे फिरतो पण तिला शू लागली की माझी फे फे उडते. जेन्ट्समध्ये नेऊ की लेडीजच्या बाहेर उभा राहू?
— एक बाबा

उत्तर: पाचची आहे तर जेन्ट्समध्येच न्या, बिनधास्त. कडेवर घ्या, तिचं तोंड तुमच्या खांद्याकडे, सरळ केबिनमध्ये जा, दार लावा. ती उभ्या पुरुषांकडे बघून पुढे शंभर प्रश्न विचारणार, त्याची तयारी ठेवा, खरी-खरी छोटी उत्तरं द्या आणि मोकळे व्हा. फॅमिली रूम मिळाली तर उत्तमच. हायवेला असाल तर पेट्रोल पंप, तिथे टॉयलेट ठेवणं बंधनकारक आहे आणि बहुतेक ठिकाणी एका वेळी एकच माणूस जातो.

लेडीजच्या बाहेर उभं राहून अनोळखी बाईला "जरा हिला बघाल का" हे नको. हां, तिथे ड्युटीवर साफसफाईच्या ताई असतील तर त्यांना सांगून, त्या दारात थांबतील आणि मुलगी स्वतःचं स्वतः करू शकत असेल तर सहा-सातनंतर चालेल, तुम्ही बाहेरून हाक मारत राहा.

पण मला वाटतं तुमची खरी अडचण दुसरीच असणार, बाबा लोकांना मुलीचं शी-शू शिकवताना संकोच वाटतो. पुसायचं-धुवायचं ते पुढून मागे, उलटं नाही, हे तुम्ही सांगू शकता, आईनेच सांगायला हवं असं काही नाही. आणि तो पाइपवाला फवारा तिच्या हातात द्यायच्या आधी घरी त्याचा जोर बघायला शिकवा नाहीतर रविवारचा फ्रॉक चिंब आणि मग ती दिवसभर "बाबा ओलं ओलं" करणार. एक जादा चड्डी आणि लेगिंग बॅगेत कायम. डंगरी घालू नका, तिचे ते खांद्यावरचे हूक आणि इमर्जन्सी यांचं जमत नाही.

प्रश्न: नातू नऊ वर्षांचा. सुट्टीत मी आणि तो दोघंच अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला जाणार. माझे गुडघे दुखतात, रात्री मधे उठून त्याच्याबरोबर जाणं अवघड. एकटा जाऊ दिला तर चालेल का?
— आजी, सुदामानगर

उत्तर: आजी, डब्यातल्या टॉयलेटला नऊ वर्षांचा मुलगा जाऊ शकतो, मला तिथल्या माणसांपेक्षा डब्याच्या दाराची जास्त भीती वाटते. टॉयलेट आणि बाहेरचं दार अगदी शेजारी, स्लीपरला ते दार कितीदा उघडंच असतं, आणि पोर झोपेत असतं. म्हणून जमलं तर एसी डब्याचं तिकीट काढा आणि खालचा बर्थ तुमचा, मधला त्याचा, म्हणजे तो उतरला की तुम्हाला कळेल. गाडीत बसल्या-बसल्या उजेड असतानाच त्याला एकदा नेऊन दाखवा, कडी कशी आहे, गाडी हलते तेव्हा कुठे धरायचं, आणि बाहेरच्या दाराला हात लावायचा नाही, दुसऱ्या डब्यात जायचं नाही. झोपायच्या आधी शू करून घ्यायची, रात्री नऊनंतर पाणी कमी. तरी मधे उठला तर आधी तुम्हाला उठवायचं, तुम्ही बसून राहा तो परत येईपर्यंत. वेळ लागला तर टीसीला किंवा शेजारच्या बर्थवरच्या बाईला हाक मारा, आणि रेल्वे हेल्पलाइनचा १३९ नंबर फोनमध्ये आधीच सेव्ह करून घ्या, नातवाकडूनच करून घ्या, त्याला तुमच्यापेक्षा लवकर जमेल.